कोरोमची पहाटफेरी

चर्चच्या दारात टोपी काढावीच लागते, ती मी धरत नाही. ते सोडून अंब्रुशबाचीची टोपी डोक्यावरून खाली आलेली मी उभ्या आयुष्यात एकदाच बघितली. जहागीरदारासमोर नाही, फौजदारासमोर नाही. एका कुत्र्यासमोर.

दोन महायुद्धांच्या मधली गोष्ट आहे. मी, वेन्देल, तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि होर्तोबाजच्या माळावर अंब्रुशबाचीच्या हाताखाली मेंढरं राखत होतो. बाची आम्ही वडीलधाऱ्या माणसाला म्हणतो. हा आमचा मुख्य मेंढका. गावातल्या वीस-बावीस घरांची मिळून चारशे मेंढरं त्याच्या एका शब्दावर माळावर यायची. वसंतात जॉर्ज संताच्या दिवशी बाहेर काढायची, आणि ऑक्टोबर संपता संपता दोमोतोर संताच्या दिवशी ज्याची त्याला घरी आणून द्यायची. मधले सहा महिने आम्ही दोघं, एक गाढव, रात्रीच्या राखणीला एक दांडगा पांढरा कुत्रा, आणि कोरोम.

कोरोम म्हणजे काजळी. पुली जातीचा होता, गुडघ्याएवढा, आणि अंगावर एवढ्या जटा की बसला की वाटायचं कुणी तरी जळकी गवताची पेंढी टाकून गेलंय.

म्हातारे सांगतात, आमची सात कुळं पूर्वेकडनं घोड्यांवर आली तेव्हा मोठा पांढरा कुत्रा गाड्यांच्या मागनं चालत आला आणि हा बुटका काळा खोगिरावर पुढं बसून आला. खरं-खोटं त्या घोड्यांना माहीत. पण वाटणी तेव्हाच झाली म्हणे. मोठ्याला रात्र दिली, धाकट्याला दिवस. मोठा पांढरा, म्हणजे अंधारात लांडगा समजून त्याच्या टाळक्यात काठी बसू नये. धाकटा काळा, म्हणजे चारशे मेंढरांच्या गर्दीत तो कुठं आहे ते धन्याला लांबनं दिसावं.

आता जटांचं ऐका, कारण सगळी गोष्ट त्या जटांतच अडकलीय. पिल्लू जन्मतं तेव्हा चिचुंद्रीसारखं असतं. वर्षाचं झालं की खालची मऊ लोकर वरच्या राठ केसांत शिरते आणि अंगावरच घोंगडं वळायला लागतं. मग धन्यानं मांडी घालून बसायचं आणि ते घोंगडं बोटांनी फाडायचं, पार कातडीपर्यंत, बोटाएवढ्या जटा करत जायचं. चार-चार दिवस लागतात. बोटांची सालं निघतात. कंगवा लावायचा नाही. लावणाऱ्याला आमच्यात मेंढका म्हणत नाहीत, न्हावी म्हणतात. एकदा जट पडली की मरेपर्यंत वाढते. आत बर्फ जात नाही, ऊन जात नाही. लांडग्यानं तोंड घातलं तर दातात नुसती लोकर येते आणि तोवर ह्यानं त्याचं नाक फोडलेलं असतं. वाईट एवढंच, की भिजला की दोन दिवस वाळत नाही, आणि तो वास! पहिल्या वर्षी मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसून जेवायचो. पुढं पुढं तो वास नसला की जेवण अळणी लागायला लागलं.

डोळ्यांवरच्या जटा मात्र कुणी उचलायच्या नाहीत. हे मला माझ्या बापानं सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. पुलीचे डोळे झाकणीतले असतात, उघडे पडले की उजेड त्यांना खाऊन टाकतो.

आणि दुसरा नियम त्याहून कडक. आंधळा कुत्रा कळपावर ठेवायचा नाही. लोकांची मेंढरं आणि आंधळा राखण्या, हे पाप. दोमोतोरच्या दिवशी मुख्य मेंढक्यानं सगळ्या मालकांपुढं आपल्या काठीवर हात ठेवून कुत्र्यांची नावं घ्यायची. अमका अमका, वय इतकं, दात आहेत, कान आहेत, डोळे आहेत. जो खोटं बोलला त्याचा झगा दुसऱ्या दिवशी कुंपणावर टांगलेला. म्हणजे चालता हो. आणि ज्या कुत्र्याचे डोळे गेले, त्याला त्याआधीच धन्यानं स्वतःच्या हातानं खड्ड्यात घालायचं. दुसऱ्याला सांगायचं नाही. अंब्रुशबाचीनं पूर्वी एका कुत्रीला असं घातलं होतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्या विषयावर तो बोलायचा नाही आणि मला विचारायची छाती नव्हती.

सप्टेंबरात, एके दिवशी दुपारी, अंब्रुशबाची गाढव घेऊन मीठ आणायला गावात गेला होता. कोरोम माझ्याजवळ आला आणि तोंड जमिनीवर घासायला लागला. कुसळ गेलं असणार. आमच्या माळावर एक गवत आहे, पोरीच्या केसांसारखं मऊ दिसतं, आणि त्याचं बी सुईसारखं आत आत शिरत जातं. मेंढीच्या कातडीतनं काळजापर्यंत गेलेलं मी बघितलंय. आता धनी नाही, कुत्रा विव्हळतोय. मी इकडं तिकडं बघितलं, जसं काय माळावर कुणी बघणारच होतं, आणि डोळ्यांवरच्या जटा उचलल्या.

कुसळ पापणीत होतं. ते मी काढलं. पण माझा हात तिथंच राहिला.

दोन्ही डोळे पांढरे. उकडलेल्या अंड्यासारखे.

पहिल्यांदा वाटलं, झालं! मी उजेड आत सोडला आणि उजेडानं खाल्ले. पण हात मागं घेतल्यावर डोकं जरा जागेवर आलं. असे डोळे एका क्षणात होत नाहीत. माझ्या आजीचे असे होताना मी बघितले होते, त्याला चार वर्षं लागली होती. आणि मग एक एक गोष्ट आठवायला लागली.

पूर्वी भाकरीचा तुकडा फेकला की कोरोम वरच्या वर झेलायचा. अलीकडं झेलत नव्हता. खाली पडेपर्यंत थांबायचा, मग सरळ जाऊन उचलायचा. अंब्रुशबाची हसायचा, ‘‘म्हातारा झाला, आता बिशपसारखा खातो.’’ मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाण्याची लाकडी डोण विहिरीच्या दुसऱ्या अंगाला सरकवली आणि हा धावत येऊन तिच्यावर आपटला. आम्ही पोट धरून हसलो होतो. आणि ती पहाटफेरी! आम्ही नवीन जागी मेंढवाडा टाकला की दुसऱ्या दिवशी उजाडताना कोरोम एकटा उठायचा. सगळ्या कुंपणाला डावी कूस घासत, हळूहळू, एक एक खांब हुंगत एक फेरी मारायचा. विहीर, डोण, आमची झोपडी, चुलीचे दगड, सगळं. एकच फेरी. त्यानंतर दिवसभर असा पळायचा की बाण. आम्हाला वाटायचं, साहेब पाहणी करतायत.

तो पाहणी करत नव्हता. सगळी जागा पाठ करत होता.

म्हणजे दीड वर्ष, कदाचित दोन, ह्या कुत्र्यानं चारशे मेंढरं डोळ्यांशिवाय राखली होती. मेंढरांच्या पाठींवरनं पळत जाऊन पलीकडचा मेंढा वळवला होता. आणि आम्ही दोघं डोळस बाजूला उभे राहून काठीवर हनुवटी टेकवून बघत होतो!

मी जटा परत खाली सोडल्या. त्यानं माझा हात चाटला आणि कामाला गेला.

संध्याकाळी अंब्रुशबाची आला. चुलीवर शलंबुत्स ठेवलं होतं. बटाटा, कणकेच्या पापड्या, डुकराची चरबी. ते कढई हलवून बत्तीस वेळा उलटं करायचं असतं, एकतीस नाही, तेहतीस नाही.

‘‘किती झाले?’’ त्यानं विचारलं.

‘‘अठरा... नाही, वीस.’’

‘‘गावातल्या कुठल्या पोरीचा विचार चाललाय रे? चौतिसाव्या वर्षी बत्तीसपर्यंत मोजता येत नाही!’’

‘‘नाही अंब्रुशबाची, धूर गेला डोळ्यात.’’

डोळ्यात म्हणालो आणि जीभ चावली. कोरोम त्याच्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता. हेही नवीनच होतं, दीड वर्षातलं. धनी उठला की कळावं म्हणून.

सांगितलं असतं तर अंब्रुशबाचीनं फावडं उचललं असतं. नियम म्हणजे नियम, आणि तो माणूस असा की स्वतःच्या बापालाही नियमातनं सूट देणार नाही. नाही सांगितलं तर दोमोतोरच्या दिवशी तो काठीवर हात ठेवून ‘डोळे आहेत’ म्हणणार, आणि ते खोटं. पण त्याला माहीतच नसेल तर ते त्याचं खोटं नव्हे. माझं. मी ठरवलं, पाप माझ्या पदरात पडू दे. सव्वा महिना काढायचा.

पण सव्वा महिना काय सरळ जातोय! ऑक्टोबरात एक दिवस बग्गीतनं एक साहेब उतरला. फेल्लेगी नाव, देब्रेत्सेनचा जनावरांचा डॉक्टर. हातात फीत, बगलेत वही. लढाईत ही जात संपत आली, म्हणाला, आता अस्सल उरले असतील तेवढे मोजून नोंदवायचे.

अंब्रुशबाचीनं चिलीम काढली. ‘‘नोंदवल्यावर वही मेंढरं राखणार काय?’’

‘‘तसं नव्हे बाची. पुढच्या पिढीला कळायला हवं, अस्सल पुली कसा असतो.’’

‘‘पुढच्या पिढीला म्हणावं, माझ्याकडं ये आणि भाकरी बांधून आण.’’

साहेब तसा चांगला होता. गुडघ्यावर बसला, नव्या विजारीची पर्वा केली नाही. कोरोमकडं बराच वेळ बघून म्हणाला, ‘‘ह्याची पुढची बाजू कुठली?’’

‘‘चरबीचा तुकडा धरा. जी बाजू तुमच्याकडं येईल ती पुढची.’’

साहेबानं उंची मोजली, शेपटी पाठीवर वळलीय का ते बघितलं, ओठ उचलून दात बघितले. कोरोम पुतळ्यासारखा उभा होता. मला मात्र ऑक्टोबरच्या वाऱ्यात घाम फुटला होता. मग साहेब म्हणाला, ‘‘आता डोळे. काळेभोर असायला लागतात.’’ आणि हात पुढं केला.

मी एक पाऊल टाकलंच होतं. पण अंब्रुशबाचीची काठी मधे आली.

‘‘डोळ्यांना हात लावायचा नाही.’’

‘‘अहो बाची, ही जुनी समजूत आहे. मी शिकलोय ते. केस उचलले म्हणून डोळा जात नाही, आणि झाकले म्हणून राहतही नाही.’’

‘‘साहेब, मी तुमच्या घरी येऊन तुमच्या बायकोच्या डोक्यावरचा रुमाल उचलला तर चालेल?’’

‘‘माझी बायको रुमाल बांधत नाही. तिचे डोळे उघडेच असतात.’’

‘‘म्हणूनच तुम्ही इतके भ्यायलेले दिसता.’’

साहेब हसत हसत मागं मातीतच बसला. वहीत लिहिलं, मला वाचून दाखवलं: डोळे, धन्यानं दाखवले नाहीत. आमच्याबरोबर जेवला, ठेचकाळत बग्गीत चढला, गेला.

अंब्रुशबाची माझ्याकडं वळला. ‘‘तुला कशाचा घाम आला एवढा?’’

‘‘मला वाटलं तुम्ही त्याला काठी मारताय.’’

‘‘हं,’’ म्हणाला. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत कधी कुसळ गेलं नसावं, असे डोळे.

दोमोतोरच्या आदल्या दिवशी आम्ही कळप घेऊन गावाकडं निघालो. सकाळी निघालो तेव्हा धुकं गुडघ्याएवढं होतं. ताट वाढल्यासारखं वाढत गेलं. जुन्या पाटाजवळ आलो तेव्हा मला माझ्याच काठीचं टोक दिसेना. तो पाट म्हणजे कुणी तरी पूर्वी खणून सोडून दिलेला, कडा सरळ, खाली गाळ. मेंढरू आत पडलं की त्याला वर येता येत नाही. आणि एक पडलं की मागची सगळी पडतात, मेंढराला तेवढंच शहाणपण दिलंय देवानं.

‘‘थांबू या,’’ अंब्रुशबाची म्हणाला. आवाज आला, माणूस दिसला नाही.

तेवढ्यात क्रौंच उठले. दरसाल ऑक्टोबरात ते आमच्या दलदलीत उतरतात, हजारांनी. आमच्या चाहुलीनं असेल, एकदम सगळे उठले, अगदी आमच्या डोक्यावरनं, आणि तो कर्कश कालवा, जसं काय आभाळातनं हजार गाड्यांची न वंगणलेली चाकं चाललीत. मेंढरं उधळली. मला फक्त खुरांचा आवाज ऐकू आला, डावीकडं, उजवीकडं, मागं. आणि घंटा. सगळीकडं पांगत गेलेल्या घंटा.

‘‘म्होरक्या कुठंय?’’ मी ओरडलो.

‘‘पाटाकडं!’’ अंब्रुशबाची ओरडला. ‘‘पाटाकडं चाललाय, वेन्देल!’’

मी पळालो आणि दहा पावलांवर तोंडावर पडलो. उठलो तर कुठल्या दिशेनं आलो तेच कळेना. आयुष्यात इतका निरुपयोगी मी कधी नव्हतो. चारशे मेंढरं, बावीस घरांचा हिवाळा, आणि मी दुधात बुडवलेल्या पावासारखा उभा.

अंब्रुशबाचीनं शीळ घातली. एकच, लांब, खालनं वर जाणारी. म्हणजे जा, वळव, सगळं तुझ्यावर.

कोरोम माझ्या पायाला घासून गेला. तेवढाच मला तो कळला. त्यानंतरचं मी बघितलं नाही, कुणीच बघितलं नाही. मी ऐकलं.

आमच्या प्रत्येक म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात वेगळी घंटा असते. मोठ्याची जाड, मग लहान लहान होत जातात, सात एकूण. आधी सगळ्यात जाड घंटा पाटाकडं पळत होती, टण टण टण. मग तिच्या पुढं एक भुंकणं, एकच. पुली काम करताना फार भुंकत नाही. घंटा थांबली. नुसती थांबली नाही, तिनं विचार केला आणि वळली. मग ते भुंकणं उजवीकडं, लांब, इतक्या लवकर की मला वाटलं दोन कुत्रे आहेत. दुसरी घंटा वळली. मग डावीकडं तिसरी. मधेच कसलाही आवाज नाही, नुसती मेंढरांच्या पाठींवर थपथप, थपथप. तो वरनं चालला होता, पाठींवरनं, त्या पांढऱ्या अंधारात, आणि एकदाही त्याचा पाय चुकला नाही. पाटाच्या कडेकडेनं तो तीनदा गेला. त्या कडेनं उन्हातसुद्धा चालताना मला धडकी भरते.

चंचीची दोरी ओढली की तिचं तोंड कसं आवळत येतं, तशा त्या घंटा आवळत आल्या. सातही. जवळ, आणखी जवळ. आणि मग ऊब लागली. धुक्यातनं चारशे मेंढरांची ऊब माझ्या पोटाला लागली, आणि ओला वास. मी उभ्या उभ्या रडलो. रडलो तर रडलो, धुक्यात कोण बघतंय!

दुपारपर्यंत धुकं फाटलं. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो आणि मधनं मेंढरं जाऊ देऊन मोजली. एक कमी. अंब्रुशबाचीनं तोंड उघडलं तोवर पाटाच्या अंगानं एक म्हातारी मोडक्या शिंगाची मेंढी लंगडत आली, मानेपर्यंत चिखल, आणि तिच्या मागनं नाकानं ढकलत कोरोम. त्याच्या सगळ्या जटा गाळानं जड झाल्या होत्या, चालताना एकमेकींवर आपटत होत्या. आला आणि अंब्रुशबाचीच्या पायावर हनुवटी ठेवून पडला.

अंब्रुशबाची खाली बसला. कोरोमच्या जटा पिळायला लागला, एक एक, धुणं पिळावं तशा.

‘‘मला माझा हात दिसत नव्हता,’’ म्हणाला. ‘‘साठ वर्षं माळावर आहे मी. ह्या काळ्याला कसं दिसलं असेल रे?’’

एकच दिवस काढायचा होता मला. एकच. पण अशा कामानंतर खोटं तोंडात राहत नाही.

‘‘त्याला दिसलं नाही, अंब्रुशबाची.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘त्याला धुकं काय आणि ऊन काय. दीड-दोन वर्षं झाली असावीत.’’

त्यानं हातातली जट सोडली. मी कुसळाचं सांगितलं, डोणीचं सांगितलं, पहाटफेरीचं सांगितलं.  मग त्यानं त्याची ती जाड बोटं पुढं केली आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. डोळ्यांवरच्या जटा उचलल्या.



‘‘त्युश्के,’’ तो म्हणाला.

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्युश्के म्हणजे काटा, असं कुत्र्याचं नाव मी ऐकलं नव्हतं.

‘‘माझी कुत्री होती. तेवीस वर्षं झाली. फार उन्हाळा होता तेव्हा, मेंढरं कातरली तशी तिलाही कातरली. तोंडावरची लोकर काढली तर डोळे असे. अगदी असेच. मी म्हटलं, उजेडानं खाल्ले. माझ्या कातरीनं घालवले. मी तिचे डोळे घालवले आणि त्याच संध्याकाळी तिलाही घालवलं. नियम.’’ तो थांबला. ‘‘आदल्या दिवशी तिनं वादळी पावसाच्या पुरातनं साठ मेंढरं काढली होती, वेन्देल. आदल्या दिवशी! मी एकदाही विचार केला नाही. आज डोळे गेले असं धरून चाललो. तिचे कधीचेच गेले होते.’’



‘‘ती फावड्याचा आवाज ऐकत होती,’’ तो म्हणाला. ‘‘उठून माझ्याजवळ आली. तिला वाटलं चूल खणतोय.’’

त्यानं जटा खाली सोडल्या, हातानं सारख्या केल्या आणि उठला.  त्याच्या गाढवाच्या पाठीवर फावडं बांधलेलं होतं. मी वाटभर त्या फावड्याकडं बघत चाललो.

दुसऱ्या दिवशी दोमोतोर. गावच्या पटांगणात लांब टेबल, वाईन, मटणाचा रस्सा, बावीस घरांचे मालक. अंब्रुशबाची टोपी घालूनच उभा राहिला, काठी टेबलावर आडवी ठेवली, तिच्यावर हात ठेवला. पहिल्यांदा पांढऱ्या कुत्र्याचं नाव घेतलं. मग म्हणाला, ‘‘कोरोम. वय अकरा. दात आहेत. कान आहेत.’’

थांबला. 

‘‘डोळे नाहीत.’’

आधी कुणाला कळलंच नाही. मग कालवा झाला. मालकांचा पुढारी लायोश उठून उभा राहिला. ‘‘नाहीत म्हणजे? कधीपासून?’’

‘‘दोन वर्षं.’’

‘‘दोन वर्षं आमची मेंढरं आंधळ्याच्या हवाली? आणि तू आज सांगतोस?’’

‘‘मलाच काल कळलं. मी नियम मोडला. काठी ही इथं ठेवलीय. झगा टांगायचा तर टांगा. पण फावडं मी उचलणार नाही. एकदा उचललं ते पुरे झालं.’’

‘‘मग दुसरा कुणी उचलेल,’’ लायोश म्हणाला.

‘‘ए लायोश, बस खाली,’’ टेबलाच्या टोकाकडनं बोर्चानेनी म्हणाली. विधवा बाई, बारा मेंढ्यांची मालकीण, जीभ मात्र बाराशे मेंढ्यांची. ‘‘अंब्रुश, ह्या साली मेंढरं किती गेली?’’

‘‘तीन. तिन्ही रोगानं.’’

‘‘आणि लायोश, तुझ्या मेव्हण्याच्या कळपात? दोन डोळस कुत्रे आहेत ना तिथं? एकोणीस म्हणे!’’

लोक हसले. लायोश म्हणाला, ‘‘तो प्रश्न नाही, बोर्चानेनी. आंधळा तो आंधळा.’’

‘‘मला दोन डोळे आहेत आणि मला माझ्या घराची किल्ली सापडत नाही. बघू दे मला.’’ तिनं ताटातली चरबीची फोड उचलली आणि दूर फेकली, माणसांच्या डोक्यांवरनं, पलीकडं मोकळ्या गवतावर. सगळे माना वळवून बघत होते. कोरोम हलला नाही. एक कान तेवढा उचलला, जटांच्या खाली, फार बारीक. फोड पडली. गवतावर पडलेल्या चरबीला आवाज तो किती! कोरोम उठला, माणसांच्या पायांमधनं, बाकाला न लागता, पिंपाला वळसा घालून सरळ तिथं गेला आणि बिशपसारखा खायला लागला.

 एका म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला.

‘‘आता मला सांगा,’’ बोर्चानेनी म्हणाली, ‘‘आंधळं कोण होतं दोन वर्षं?’’

लायोश बसला. मिशी ओढली. ‘‘एक डोळस कुत्रा जोडीला ठेव,’’ शेवटी म्हणाला. ‘‘नियमाचं तोंड बंद करायला.’’

‘‘ठेवतो,’’ अंब्रुशबाची म्हणाला. ‘‘शिकेल काही तरी.’’

त्यानं काठी उचलली.

हिवाळ्याचा मेंढवाडा त्या साली नवीन बांधला होता, गावाच्या वरच्या अंगाला. पहिल्या रात्री आम्ही तिथंच गवतावर झोपलो. उजाडताना मला जाग आली ती थंडीनं. कुडाच्या फटीतनं बघितलं तर बाहेर सगळं दहिवरानं पांढरं झालेलं, आणि अंब्रुशबाची दारात उभा.

कोरोम फेरीवर होता. डावी कूस कुडाला लावून, हळूहळू. खांबाशी थांबायचा, हुंगायचा, पाऊल टाकायचा. फाटक. गव्हाण. डोण. डोणीच्या कोपऱ्यावर नाक लावून जास्त वेळ थांबला, माळावरच्या डोणीवर एकदा आपटला होता ना. जिथनं जायचा तिथं दहिवरात काळी रेघ उमटत होती. ती रेघ सगळ्या वाड्याला वळसा घालून हळूहळू आमच्याकडं येत होती.

अंब्रुशबाचीनं टोपी काढली. त्याचं टक्कल मी पहिल्यांदा एवढ्या उजेडात बघितलं, कधी ऊन न लागलेलं, लहान पोरासारखं पांढरं. थंडीनं ते लाल झालं. मी म्हणालो, ‘‘अंब्रुशबाची, सर्दी होईल.’’

‘‘गप्प बस,’’ तो म्हणाला. ‘‘त्याचं मोजणं चुकेल.’’

फेरी पुरी होईपर्यंत टोपी त्याच्या हातातच होती.